चौभाषी कोशातली रिकामी घरं आणि फ्लेक्स : काही महिन्यांच्या वापरानंतर

फ्लेक्स म्हटलं की आपल्याकडे चौकातले वाढदिवसाचे बोर्ड डोळ्यांसमोर येतात. हे फ्लेक्स वेगळं. एसआयएल या संस्थेचं ‘फील्डवर्क्स लँग्वेज एक्स्प्लोरर’, म्हणजे कोश बांधायचं सॉफ्टवेअर. फुकट आहे, विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालतं. गेल्या पावसाळ्यापासून आम्ही चार-पाच जण मालवणी–मराठी–हिंदी–इंग्रजी असा कोश त्यावर करतोय. शब्द भरायचं काम सरळ आहे, कुणालाही दोन दिवसांत जमतं. खरी गंमत आहे ती राहिलेल्या जागा शोधून भरण्याची.

आमच्यासारख्या कोशाचं दुखणं ठरलेलं. सुंगटांसमोर कोळंबी, पेडव्यांसमोर तारली, इसवणासमोर सुरमई एवढं मराठीत पटापट लिहून होतं. हिंदी आणि इंग्रजी ‘नंतर बघू’ म्हणून राहतं, आणि ते नंतर कुणीच बघत नाही.

फ्लेक्समध्ये कोशाची मांडणी ठरवताना प्रत्येक अर्थासाठी कुठली भाषा दाखवायची ते विचारतात. तिथे ‘बेस्ट ॲनालिसिस’ असा एक पर्याय आहे. तुम्ही लावलेल्या क्रमात जी पहिली भाषा भरलेली सापडेल, ती तो दाखवतो. इंग्रजी वर ठेवली आणि ती रिकामी असली, तर गुपचूप मराठी पुढे येते. छापायच्या प्रतीला हे उत्तम, नोंद बोडकी दिसत नाही. पण काम चालू असताना हा पर्याय ठेवणं म्हणजे भिंतीच्या ओलीवर रंग मारणं. सगळं भरल्यासारखं दिसतं.

म्हणून मांडणीच्या दोन प्रती करा. मांडणीची नक्कल करून नवं नाव देता येतं. छपाईच्या प्रतीत ‘बेस्ट ॲनालिसिस’ राहू द्या. कामाच्या प्रतीत तो काढून तिन्ही भाषांवर वेगवेगळी खूण करा आणि भाषेची संक्षिप्त नावं दाखवायचा चौकोनही टिक करा. ‘म’ आहे, ‘हिं’ नाही, हे मग वाचता वाचता खटकतं.

तरी रिकाम्या जागा पकडायची खरी जागा म्हणजे ‘बल्क एडिट’, म्हणजे सगळ्या नोंदी तक्त्यात बघून एकदम बदलायची सोय. तिथे एकच अर्थाचा रकाना तीनदा घ्यायचा, प्रत्येकाला वेगळी भाषा द्यायची. मग मराठीवर ‘नॉन-ब्लँक्स’, हिंदीवर ‘ब्लँक्स’ अशी चाळणी लावली की नेमकी अर्धवट नोंदींची यादी समोर येते. चाळण्या एकमेकींत ‘आणि’नेच जोडल्या जातात. ‘हिंदी किंवा इंग्रजी यांतलं काहीही रिकामं’ असं एका दमात मागता येत नाही, दोन फेऱ्या माराव्या लागतात. त्यात विषयक्षेत्राची, म्हणजे शब्दांच्या विषयवार गटाची, चाळणी घाला. जवळजवळ अठराशे विषयक्षेत्रांची यादी सोबत येते, मासे त्यात १.६.१.५ वर आहेत. नुसत्या माशांची यादी काढून बंदरावर बसलं की एका बैठकीत बरंच उरकतं. माशांना आणि झाडांना शास्त्रीय नावाची वेगळी जागा आहे, ती आधी भरा. बांगड्यासमोर ‘रास्ट्रेलिजर कानागुर्टा’, भिरंडासमोर ‘गार्सिनिया इंडिका’ असलं, की इंग्रजी नाव शोधताना भलताच मासा हाती लागत नाही.

‘बल्क कॉपी’ नावाचं बटण मोह पाडतं. मराठी रकाना उचलून हिंदीत टाकला की क्षणात सगळं भरलं! करू नका. कोळंबीला हिंदीत झींगा म्हणतात. कॉपी केलेली ‘कोळंबी’ पुढे कुठल्याच चाळणीत सापडणार नाही, कारण घर आता रिकामं नाही. कॉपी करायचीच वेळ आली, तर भरलेल्या घराला हात न लावायचा पर्याय निवडा आणि आधी प्रीव्ह्यू बघा.

रोमन उच्चाराचा रकाना मात्र यंत्राकडून भरून घ्यायला हरकत नाही. ‘प्रोसेस’मध्ये देवनागरी-रोमन लिप्यंतर जोडता येतं. ते प्रत्येक व्यंजनातला ‘अ’ इमानेइतबारे लिहितं, त्यामुळे ‘बापूस’च्या शेवटी एक रोमन ‘a’ लटकतो. ‘बल्क रिप्लेस’मध्ये रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे अक्षरांचा नमुना देऊन शोधायची सूत्रं, चालतात, शेवटचा रेघ नसलेला ‘a’ त्याने छाटता येतो. दीर्घ ‘आ’वर आडवी रेघ असते, म्हणून ‘बांगडा’ शाबूत राहतो. जोडाक्षराने संपणारे शब्द तेवढे हाताने तपासा.

आता माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं. सॉफ्टवेअरला रिकामं म्हणजे रिकामं. पण ‘अजून विचारलं नाही’ आणि ‘त्या भाषेत असा शब्दच नाही’ या दोन अगदी निराळ्या गोष्टी. ‘वायंगण’ घ्या. पावसाळी भात कापून झाल्यावर पाणी असलेल्या मळ्यात घेतलेलं दुसरं भाताचं पीक. त्याला एका शब्दातलं इंग्रजी बळेच कशाला घडवायचं? यासाठी आम्ही आपला स्वतःचा एक जादा रकाना केला, त्याला तीन पर्यायांची यादी दिली : विचारायचं, प्रतिशब्द नाही, शंका. ‘प्रतिशब्द नाही’ असेल तिथे एका शब्दाचा अर्थ कोरा सोडून व्याख्या लिहितो. मांडणीत ‘डेफिनिशन (ऑर ग्लॉस)’ ठेवलं की व्याख्या असेल तर व्याख्या, नसेल तर छोटा अर्थ छापला जातो. रोजच्या कामाला आता फक्त ‘विचारायचं’ची चाळणी उघडतो. आमच्यातल्या एका काकींनी तर बाकी सॉफ्टवेअर शिकायला साफ नकार दिलाय. ती यादी कागदावर द्या, म्हणतात, आणि पेन्सिलने भरून परत करतात. काम त्यांचंच सगळ्यांत चोख!

प्रत्येकाच्या संगणकावरचं काम एकत्र करायला ‘सेंड/रिसीव्ह’ आहे. नेट नसेल तर पेन ड्राइव्हवरूनही होतं. एकाच नोंदीत दोघांनी हात घातला तर काय झालं त्याची टीप ते ठेवतं, ती वाचायची सवय लावून घ्या.

दोनच भाषा आणि थोडेसे शब्द असतील तर एवढा खटाटोप करू नका, साधी एक्सेल शीट पुरते. तिसरी भाषा आली की मात्र यावर या, आणि तो जादा रकाना पहिल्या दिवशीच करा. हजार नोंदींनंतर केलात, तर कुठलं कोरं घर का कोरं आहे ते कुणाच्याच आठवणीत राहिलेलं नसतं.