नवा होम्स घ्यावा की नवा पॉयरो?

शेरलॉक होम्सच्या 4 कादंबऱ्या आणि 56 कथा वाचून संपल्या की चुकल्याचुकल्यासारखं होतं. पुन्हा पहिल्यापासून वाचता येतं, मी वाचलंही आहे. पण गुन्हेगार कोण ते आधीच ठाऊक असतं. मग आजच्या लेखकांनी लिहिलेल्या नव्या होम्सकडे, अगाथा ख्रिस्तीच्या डिटेक्टिव्हच्या, म्हणजे पॉयरोच्या, नव्या पुस्तकांकडे लक्ष जातं. पहिलंच पुस्तक चुकीचं हाती लागलं तर माणूस या सगळ्या प्रकारालाच रामराम ठोकतो. माझ्या दोन मैत्रिणींचं नेमकं तसंच झालं, म्हणून हे जरा तपशिलात लिहिते आहे.

पुस्तक निवडताना आधी एक गोष्ट पाहा: गोष्ट कोण सांगतंय? डिटेक्टिव्ह जुनाच असतो, त्याच्या लकबी कोणालाही उचलता येतात. पाइप, मिशा, कपड्यांवरून व्यवसाय ओळखणं, हे सगळं पानोपानी पेरता येतं. खरी परीक्षा असते ती निवेदकाची. याचा पुरावा खुद्द होम्सचा जनक कॉनन डॉयलनं देऊन ठेवला आहे. 1926 साली प्रसिद्ध झालेल्या दोन कथा त्यानं नेहमीचा निवेदक, होम्सचा मित्र वॉटसन, याला बाजूला सारून होम्सच्या तोंडून सांगितल्या. त्यातल्या एकीत तर वॉटसनच्या लिखाणावर आयुष्यभर टीका केलेला होम्स कबूल करतो की लेखणी हातात घेतल्यावर वाचकाला गोष्ट गोड लागेल असंच लिहावं लागतं. त्या दोन्ही कथा मला फिक्या वाटतात. होम्स आहे, रहस्य आहे, पण होम्सकडे थक्क होऊन बघणारे डोळे नाहीत.

या कसोटीवर अँथनी होरोविट्झची ‘द हाउस ऑफ सिल्क’ (2011) मला सगळ्यांत वर ठेवावीशी वाटते. डॉयलच्या वारसांची संमती घेऊन लिहिलेली ही कादंबरी. निवेदक वॉटसनच, पण म्हातारा, एकटा पडलेला. होम्स आता हयात नाही, आणि ही हकीकत इतकी भयंकर आहे की कागद शंभर वर्षं उघडू नयेत अशी सूचना तो देऊन ठेवतो. या एका युक्तीनं होरोविट्झनं दोन गोष्टी साधल्या. ही गोष्ट इतकी वर्षं बाहेर का आली नाही याला कारण मिळालं, आणि वॉटसनच्या आवाजात डॉयलकडे क्वचितच ऐकू येणारी हुरहुर आली.

पण मला हे पुस्तक आवडतं ते दुसऱ्याच कारणानं. होम्ससाठी माग काढणारी बेकर स्ट्रीटची ती रस्त्यावरची पोरं आठवतात ना? डॉयलच्या पहिल्या कादंबरीत ती जिन्यावरून धडधडत वर येतात, होम्स प्रत्येकाच्या हातावर एकेक शिलिंग ठेवतो आणि ती उंदरांसारखी पसार होतात. वाचताना आपण हसतो आणि पुढे जातो. ही पोरं रात्री झोपतात कुठे, त्यांचं काही बरंवाईट झालं तर कोणाला कळेल, हे डॉयल विचारत नाही. होरोविट्झ विचारतो. रॉस नावाच्या एका पोराला होम्स पाळतीवर ठेवतो. पुढे तो पोरगा मरून पडलेला सापडतो, मनगटाला पांढऱ्या रेशमाची फीत बांधलेली. त्यानंतरचा होम्स मी दुसरीकडे कुठेच पाहिलेला नाही. त्याला कळतं की आपण त्या पोराला कामाला लावलं, म्हणून हे झालं. मूळ लेखकानं उघडं ठेवून दिलेलं दार नव्या लेखकानं ढकलून पाहावं ते असं. मात्र विषय फार काळाकुट्ट आहे. डॉयलच्या कथा ज्या वयात हातात दिल्या जातात, त्या वयाच्या मुलांना ही कादंबरी देऊ नका.

आता पॉयरो. इथे हिशेब वेगळा आहे. अगाथा ख्रिस्तीनं पॉयरोच्या 33 कादंबऱ्या लिहिल्या, त्यांपैकी फक्त 8 त्याचा मित्र कॅप्टन हेस्टिंग्ज सांगतो. म्हणजे पॉयरोचं पुस्तक निवेदकाच्या गळ्यावर तितकंसं अवलंबून नाही. तिथे राज्य चालतं कोड्याचं. त्यामुळे सोफी हॅनानं 2014 पासून ख्रिस्तीच्या कुटुंबाच्या संमतीनं पॉयरो लिहायला घेतला, तेव्हा हेस्टिंग्जची नक्कल न करता स्कॉटलंड यार्डचा कॅचपूल हा स्वतःचा निवेदक आणला, ते योग्यच केलं. कॅचपूल घाबरट, प्रेताला बिचकणारा, काहीसा कुढा आहे. अनेकांना तो आवडत नाही. मला त्याचा त्रास झाला नाही, कारण तो हेस्टिंग्ज असल्याचं सोंग आणत नाही.

अडचण आहे ती कोड्याच्या आकाराची. पहिल्या ‘द मोनोग्राम मर्डर्स’ची सुरुवात झकास आहे: कॉफीच्या दुकानात भेदरलेली एक बाई पॉयरोला सांगते की माझा खून होणार आहे आणि तो झालेलाच बरा, आणि त्याच रात्री लंडनच्या एका हॉटेलात तीन प्रेतं सापडतात, तिघांच्याही तोंडात आद्याक्षरं कोरलेलं कफलिंक. यापुढे मात्र उलगड्याला उलगडा जोडत लेखिका इतकी लांब जाते की शेवटी मला मागची पानं उलटून पाहावी लागली. ख्रिस्तीचं उत्तर कळलं की आपण कपाळावर हात मारतो, ‘अरे, हे तर समोरच होतं!’ तो क्षण इथे येत नाही.

म्हणून हॅनाकडे जायचं असेल तर क्रम मोडा आणि दुसरं पुस्तक आधी घ्या: ‘क्लोज्ड कास्केट’ (2016). आयर्लंडमधला वाडा, 1929 साल. मुलांसाठी पुस्तकं लिहिणारी श्रीमंत म्हातारी जेवणाच्या टेबलावर जाहीर करते की तिनं मृत्युपत्र बदललं आहे आणि सगळी इस्टेट सेक्रेटरीच्या नावे केली आहे. हा सेक्रेटरी असाध्य आजारानं जेमतेम काही आठवड्यांचा सोबती आहे! आपल्याआधी जाणार हे पक्कं ठाऊक असलेल्या माणसाला कोणी इस्टेट कशाला देईल? एका ओळीत मावणारा प्रश्न, आणि वाचून झोप उडते. हे अस्सल ख्रिस्तीच्या घरचं कोडं आहे. उत्तरही त्या प्रश्नाच्या तोलाचं निघतं.

तर होरोविट्झ की हॅना? जुन्या कथांमधली तुमची आठवण दोन मित्रांची, शेकोटीची, धुक्याची असेल तर होरोविट्झ. आठवण शेवटच्या प्रकरणात सगळ्यांना एका खोलीत बसवून होणाऱ्या उलगड्याची असेल तर हॅना, वर सांगितलेल्या क्रमानं.

होम्सच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. त्याच्या शेवटच्या कथांवरचा कॉपीराइट अमेरिकेतही 2023 च्या सुरुवातीला संपला, त्यामुळे होम्स आता कोणीही लिहू शकतं आणि लिहितंही. ख्रिस्ती 1976 साली वारली. ब्रिटनमध्ये तिच्या लेखनाचे हक्क अजून शाबूत आहेत. म्हणून नवे पॉयरो मोजके आणि नव्या होम्सचा महापूर. त्या पुरातून दोनच पुस्तकं वेगळी काढते, दोन्ही वॉटसनला सोडून देणारी.

लॉरी किंगची ‘द बीकीपर्स अप्रेंटिस’ 1994 ची. होम्स निवृत्त होऊन ससेक्समध्ये मधमाश्या पाळतो, हे डॉयलनंच सांगितलेलं. 1915 साली पुस्तकात डोकं खुपसून चालणारी मेरी रसेल ही पंधरा वर्षांची मुलगी त्याच्यावर पाय देता देता थबकते, आणि पुढे त्याची शिष्या होते. वॉटसन थक्क होतो. मेरी वाद घालते. होम्सची बुद्धी बरोबरीच्या बुद्धीला कशी सामोरी जाते, हे बघायला मजा येते. पुढच्या पुस्तकांत दोघांचं लग्न होतं. तिथे मी थांबले, तुम्हाला चालेल कदाचित.

दुसरं, जामयांग नोर्बूचं ‘द मंडला ऑफ शेरलॉक होम्स’ (1999). डॉयलच्या कथेत धबधब्यात नाहीसा झालेला होम्स परतल्यावर वॉटसनला सांगतो की मी दोन वर्षं तिबेटात होतो, ल्हासाला गेलो होतो. डॉयलनं हे दोन-तीन वाक्यांत उरकलं. नोर्बू स्वतः तिबेटी, आणि त्यानं त्या वाक्यांची कादंबरी केली. निवेदक आहे किपलिंगच्या ‘किम’ या कादंबरीतून उचललेला हरीचंदर मुखर्जी, इंग्रजांसाठी हेरगिरी करणारा बंगाली बाबू. त्याची अघळपघळ, पंडिती भाषा हे या पुस्तकाचं अर्धं सुख. शेवटाकडे गोष्ट तर्क सोडून गूढविद्येत शिरते. तर्कावर जीव असलेल्यांना ते जड जाईल, मला गेलं. पण हरीबाबूसाठी मी हे पुस्तक कोणालाही सुचवेन.

राहिला रेमंड चँडलरचा अमेरिकन खासगी डिटेक्टिव्ह फिलिप मार्लो, आणि तोच सगळ्यांत अवघड. चँडलरच्या कादंबऱ्यांत मार्लो स्वतःच गोष्ट सांगतो, म्हणजे डिटेक्टिव्ह आणि निवेदक एकच. नव्या लेखकाला आडोसाच उरत नाही. जॉन बॅन्व्हिलनं बेंजामिन ब्लॅक या नावानं लिहिलेली ‘द ब्लॅक-आइड ब्लाँड’ (2014) चँडलरच्या इतकी जवळ जाते की मूळच वाचावं असं वाटू लागतं, आणि चँडलरची ‘द लाँग गुडबाय’ वाचली नसेल तर शेवट अर्धाच कळतो. लॉरेन्स ऑस्बोर्ननं ‘ओन्ली टू स्लीप’मध्ये (2018) नकलेचा मोहच टाळला. साल 1988, मार्लो 72 वर्षांचा, मेक्सिकोत निवृत्त, हातात काठी आणि तिच्यात लपवलेली तलवार. विम्याच्या एका संशयास्पद प्रकरणासाठी तो पुन्हा बाहेर पडतो. पाय साथ देत नाहीत, झोप लागत नाही, आणि तरी तो माग सोडत नाही. आवाज चँडलरचा नाही. म्हाताऱ्या मार्लोचा मात्र आहे, आणि पहिल्या दहा पानांतच मला तो पटला.