सोसायटीसाठी स्वस्तात सॅनिटायझरचे कॅन घेतले आणि वॉचमन काकांचे हात सोलले

परवा शेजारच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर "सॅनिटायझर ५ लिटर कॅन, होलसेल भावात" असा मेसेज फिरताना बघितला आणि पोटात गोळाच आला, म्हणून लिहितेय.

जून २०२० ची गोष्ट. आम्ही डोंबिवलीला राहतो, सोसायटीत ४८ फ्लॅट, मी तेव्हा खजिनदार होते. लॉकडाऊन जरा सैल झालेला, कामवाल्या मावशी, दूधवाले, पार्सलवाले सगळे परत यायला लागले होते आणि गेटवर सॅनिटायझर इतकं लागायचं की मेडिकलमधल्या छोट्या बाटल्या परवडेनात. तेव्हा सरकारने २०० मिलीला जास्तीत जास्त १०० रुपये असा भाव बांधून दिला होता, म्हणजे ५ लिटरचे अडीच हजार. आणि एकाचा फोन आला की ताई थेट फॅक्टरीचा माल आहे, ९०० ला कॅन, ६ घेतले तर टेम्पोने घरपोच. मी घेतले. ५४०० रुपये लगेच ट्रान्सफर केले, बिल मागितलं तर हातात एक चिठ्ठी दिली, पक्कं बिल उद्या पाठवतो म्हणाला.

कॅनवर छान निळं लेबल, "७०% अल्कोहोल", "९९.९% जंतू नष्ट", कोरफडीचं चित्र, आत लिंबाचा वास. हातावर घेतलं की गार वाटायचं, मला तेवढ्यावर खात्री पटली. आता कळतं की गार तर साधं पाणी पण लागतं.

आम्ही घरातले दिवसातून दोन-तीनदा वापरायचो, पण गेटवरचे वॉचमन काका येणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर मारायचे आणि दर वेळी स्वतःच्याही, दिवसाला पन्नास-साठ वेळा तरी. आठ-दहा दिवसांनी मी रजिस्टरवर सही करायला गेले तर त्यांना पेन धरता येत नव्हतं. बोटांच्या बेचक्यात लाल झालेलं, तळव्याची कातडी निघत होती, अंगठ्याजवळ भेगा पडून रक्त आलेलं. काका सांगितलं का नाही, तर म्हणाले, "ताई, औषध स्ट्राँग आहे ना, थोडी आग होणारच." हे वाक्य मी विसरू शकत नाही. चांगल्या, न फाटलेल्या कातडीवर सॅनिटायझरने आग होणं म्हणजे ते स्ट्राँग असणं नव्हे, काहीतरी चुकतंय.

स्किनच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी हात बघितले आणि आधी विचारलं, बाटलीचा फोटो आहे का? फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाल्या, यावर उत्पादनाचा लायसन्स नंबर कुठाय? नव्हता. बॅच नंबर नाही, बनवल्याची तारीख नाही, एक्सपायरी नाही, पत्ता म्हणजे नुसतं एमआयडीसी. ७०% लिहिलेलं, पण कुठलं अल्कोहोल ते नाही. त्यांनी समजावलं की इथेनॉल किंवा आयसोप्रोपिल असं नाव लिहिलेलं पाहिजे, इथेनॉल असेल तर किमान ६०%, आयसोप्रोपिल असेल तर ७०%. डब्ल्यूएचओच्या फॉर्म्युल्यात ८०% इथेनॉल किंवा ७५% आयसोप्रोपिल असतं आणि १.४५% ग्लिसरीन, ते एवढंसंच पण त्यानेच कातडी कोरडी पडत नाही. ज्यांची स्किन नाजूक आहे त्यांनी वासाचं आणि रंगाचं घेऊच नये, बिनवासाचं ग्लिसरीनवालं घ्यावं, आणि हात साबणाने धुतले असतील तर वर लगेच सॅनिटायझर लावायची गरज नसते. काकांचं तेच चाललं होतं, साबण, मग सॅनिटायझर, परत साबण.

घरी येऊन वाटीत दोन चमचे कणीक घेतली आणि त्यात ते सॅनिटायझर घातलं. अल्कोहोल नीट असेल तर कणीक मळली जात नाही, भुगाभुगाच राहते आणि थोड्या वेळात सुकते. माझा पोळीला होतो तसा मऊ गोळा झाला. म्हणजे आम्ही भर कोरोनात वासाचं पाणी हाताला लावून निर्धास्त फिरत होतो, माझे सासरे ७४ वर्षांचे, त्यांच्या हातावरही मी तेच देत होते.

पण नुसत्या कणकेवर विसंबू नका. मिथेनॉल म्हणजे विषारी अल्कोहोल घातलेलं असेल तर ते या टेस्टमध्ये पास होईल, आणि वासानेही ओळखता येत नाही. ते कातडीतूनही शरीरात जातं, जास्त गेलं तर डोळ्यांच्या नसा खराब होतात. त्याच वर्षी मुंबईच्या कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडियाने सॅनिटायझरचे १२२ नमुने तपासले होते, त्यातल्या ५ मध्ये मिथेनॉल निघालं. म्हणून मी लायसन्स नंबर, बॅच नंबर आणि पक्कं बिल या तीन गोष्टींशिवाय बाटली घेत नाही, आणि विकणाऱ्याने लेबलच्या मागच्या बाजूचा फोटो द्यायला टाळाटाळ केली तर तिथेच विषय संपवते.

तुमच्याकडे असा माल आला असेल तर ओतून टाकू नका, कॅन तसाच ठेवा आणि महाराष्ट्र एफडीएच्या १८०० २२२ ३६५ या नंबरवर तक्रार करा, ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. त्या माणसाचा फोन पक्कं बिल मागितल्यापासून बंद लागला, ५४०० गेले ते गेले. काकांना कमिटीने भरपगारी रजा दिली, औषधांचा खर्च केला, पण हात बरे व्हायला दीड महिना गेला आणि अजूनही थंडी पडली की त्यांच्या अंगठ्याजवळ त्याच जागी भेग पडते.