वेळास–हर्णै की मालवण–वेंगुर्ले? किनाऱ्याची वाट ठरवताना

मार्च महिना, हाताशी तीन दिवस आणि सोबत लहान मुलं असतील, तर समुद्री कासवांची पिल्लं पाहायला सरळ रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला जा. चार-पाच दिवस असतील आणि जीव माशांत अडकला असेल, तर मालवण. दोन्ही एकाच फेरीत कोंबू नका. मध्ये इतक्या खाड्या आणि घाट्या आहेत की नकाशावरचं अंतर फसवतं.

पुण्याहून ताम्हिणी, माणगाव, म्हाप्रळ करत वेळास साधारण दोनशे किलोमीटर. मुंबईहून श्रीवर्धनमार्गे आलात तर बागमांडल्याला गाडी फेरीबोटीत चढवायची आणि बाणकोटची खाडी ओलांडून वेश्वीला उतरायचं. मुलांना हीच गंमत जास्त लक्षात राहते.

वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं थंडीत अंडी घालतात. एकेकाळी ही अंडी चोरीला जायची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन ती राखायला सुरुवात केली. एका घरट्यात शंभरेक अंडी असतात. ती कुंपणाच्या आत हलवतात आणि पन्नासेक दिवसांनी पिल्लं वर येतात. सकाळी आणि संध्याकाळी घरट्यावर झाकलेली टोपली उचलली जाते; खाली कधी वीस पिल्लं, कधी फक्त वाळू. वाळू निघाली की मुलं हिरमुसतात, म्हणून दोन रात्री राहा. लाटेपर्यंत धडपडत जाणारं ते तळहातात मावणारं पिल्लू पाहायला मी पुन्हा पुन्हा जाईन.

एक गोष्ट आधीच माहीत असू द्या: वेळासच्या बऱ्याच घरांत जेवण शाकाहारी असतं. माशांसाठी केळशी, आंजर्ले करत हर्णैला या. संध्याकाळी बंदरावर लिलाव चालतो, समोर सुवर्णदुर्ग. ताजी सुरमई घ्या आणि मुक्कामाच्या घरी करून द्यायला सांगा.

पण खाण्यात मालवणची सर नाही. तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं, तिसऱ्यांचं सुकं, मोरीचं (म्हणजे लहान शार्कचं) मटण, शेवटी सोलकढी. हर्णैला मासा ताजा मिळतो, मालवणात त्यावरचं वाटणही तितकंच बोलतं. पुण्याहून अंतर मात्र जवळपास दुप्पट.

इथलं वन्यजीवन बरंचसं पाण्याखाली आहे. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर प्रवाळ आहेत. स्नॉर्केलिंग करताना त्यांवर पाय ठेवू नका. तारकर्ली-देवबागकडे डॉल्फिन दिसतात, पण बोटी त्यांच्या मागे धावतात हे मला पाहवत नाही. तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला, इंजिन बंद करायला सांगा. डॉल्फिन बहुधा आपणहून वर येतात. पुढे भोगवे आणि निवतीला गर्दी कमी. वेंगुर्ल्याजवळ वायंगणीलाही कासवं येतात, त्यामुळे मालवण निवडलं म्हणून पिल्लं हुकलीच असं नाही.

जून-जुलैत मासेमारी बंद असते आणि पावसाळ्यात पाण्यातले खेळही, तेव्हा दोन्हीकडे जाणं टाळा. वेळासला निघण्याआधी मुक्कामाच्या घरी फोन करून विचारा, येत्या आठवड्यात कुठल्या घरट्याचे दिवस भरत आलेत.