अ विश इन द डार्क : थायलंडच्या मातीतली फँटसी, मुलांना नक्की द्या

थाई फँटसी म्हटलं की लोकांना पहिलं भूतच आठवतं, म्हणजे बँकॉकच्या वाट महाबुत या बौद्ध मंदिरात जिला लोक अजून नवस बोलतात ती माए नाक, नाहीतर रात्री नुसतं मुंडकं आणि खाली लोंबणारी आतडी घेऊन तरंगत फिरणारी क्रासुए. तसलं काही हवं असेल तर क्रिस्टिना सून्तॉर्नवॅटचं हे पुस्तक तुमच्यासाठी नाही, आधीच सांगते. पण तिकडच्या लोकांच्या रोजच्या श्रद्धेतली जादू हिने इतकी मस्त उचललीये की मला भुतांची आठवणही आली नाही.

गोष्ट घडते चट्टना नावाच्या काल्पनिक शहरात, नदी, कालवे, होड्या, सगळं थायलंडची आठवण करून देणारं. एका मोठ्या आगीत शहर जळालेलं असतं, मग एक गव्हर्नर येतो ज्याला नुसत्या हाताने दिव्यांत उजेड भरता येतो आणि तेव्हापासून शहरात विस्तव पेटवायलाच बंदी, त्यामुळे उजेड हवा तर त्याच्याकडूनच घ्यायचा, पैसेवाल्यांकडे लख्ख आणि गरिबांकडे मिणमिणता. पाँग जन्मलाच नामवोन तुरुंगात, आई कैदी होती, ती गेली तरी 13 वर्षांचा होईपर्यंत हा आतच राहणार असा कायदा! सुरुवातीलाच तुरुंगाच्या अंगणातलं आंब्याचं झाड येतं आणि खाली आंबा कधी पडतोय याची वाट बघणारी उपाशी पोरं, तिथून पुढे मला पुस्तक खाली ठेववेना. मग पाँग ड्युरियन या काटेरी फळाच्या सालींनी भरलेल्या कचऱ्याच्या टोपलीत शिरून पळतो. ड्युरियनचे काटे फणसापेक्षा कितीतरी टोकदार असतात, त्यात एवढंसं पोरगं अंग चोरून बसलंय, वाचतानाच अंगावर काटा येतो.

पुढे त्याला वाट सिंग या मंदिरातले फादर चाम भेटतात, म्हातारे भिक्खू, आशीर्वाद देत लोकांच्या मनगटाला दोरा बांधणारे. थायलंडमध्ये असा पांढरा दोरा खरोखरच बांधतात, आपल्याकडे देवळात बांधतात तसाच, म्हणून आपल्याला हे सगळं लगेच जवळचं वाटतं. पुस्तकातली माझी सगळ्यात आवडती माणसं म्हणजे हेच.

पण खरी कमाल नॉकची. तुरुंगाधिकाऱ्याची मुलगी, कायदा म्हणजे कायदा असं मानणारी, घराण्याची अब्रू सावरायला पाँगच्या मागे लागलेली. मूळ बीज व्हिक्टर ह्युगोच्या 'ले मिझराब्ल'चं आहे, तिथला पाठलाग करणारा पोलीस अधिकारी इथे एक शाळकरी मुलगी झालाय, आणि चांगलं वागायचा जिवापाड प्रयत्न करणारी मुलगी हळूहळू प्रश्न विचारायला लागते ते फार सुंदर आलंय. कायदा चुकीचा असेल तर पाळणारा चांगला कसा, हे एवढ्या सोप्या भाषेत मुलांपुढे ठेवणं सोपं नाहीये.

खटकलं ते गव्हर्नरचं. एवढी ताकद असलेला माणूस पण त्याच्या मनात फारसं शिरताच येत नाही. आणि शेवट जरा भराभर उरकल्यासारखा वाटला, पुलावरचा मोर्चा अजून थोडा चालायला हवा होता.

इंग्रजी सोपं आहे, पाचवी-सहावीतलं मूल आरामात वाचेल, लहानांना रोज एक प्रकरण वाचून दाखवलं तरी चालेल. 2021 ला याला न्यूबेरी ऑनर हा अमेरिकेतला बालसाहित्याचा सन्मान मिळाला आणि त्याच वर्षी क्रिस्टिनाच्याच 'ऑल थर्टीन'लाही, ते 2018 मध्ये थायलंडमधल्या थाम लुआंग गुहेत अडकलेल्या फुटबॉल टीमवरचं आहे, सगळी खरी हकिकत. जमलं तर दोन्ही एकदमच मागवा.