मायक्रोग्लिया रोखाव्यात की काढून टाकाव्यात?

प्रायॉनवर काम करायचं पक्कं झालंय, पण उंदरांचं कोणतं मॉडेल घ्यावं इथे गाडी अडलीय, अशांसाठी हे लिहितोय. प्रायॉन म्हणजे घडी बिघडलेलं प्रथिन; शेजारच्या चांगल्या प्रथिनांनाही ते आपल्या वळणावर नेतं. मग मेंदूतल्या रोगप्रतिकारक पेशी, म्हणजे मायक्रोग्लिया, झपाट्याने वाढतात. ही गर्दी तारते की मारते? दोन प्रयोगांची उत्तरं चक्क उलटी आहेत.

साउदॅम्प्टनच्या गटाने 2013 मध्ये प्रायॉनची लागण केलेल्या उंदरांना जीडब्ल्यू2580 हे औषध देऊन सीएसएफ1आर, म्हणजे मायक्रोग्लियाला वाढीचा इशारा देणारा रिसेप्टर, अडवला. चेतापेशींची हानी मंदावली, उंदीर जास्त दिवस जगले. माँटानातल्या रॉकी माउंटन लॅबोरेटरीजने 2018 मध्ये तोच रिसेप्टर पीएलएक्स5622 या दुसऱ्या औषधाने अडवला, तर उंदीर लवकर दगावले.

प्रायॉनचा वाण वेगळा असेल, असं मलाही आधी वाटलं. पण एमई7 हा वाण दोन्हीकडे होता. खरी मेख औषधांत आहे. पहिलं फक्त नवी भरती थांबवतं, आहेत त्या पेशी कामावर राहतात. दुसरं बहुतेक सगळ्या मारून टाकतं. म्हणून ‘मायक्रोग्लिया वाईट की चांगल्या’ असा प्रश्न घेऊन गाइडकडे जाऊ नका.

पीएलएक्सचं एक दुखणं आहे: मेंदूबाहेरच्या मॅक्रोफेजनाही (शरीरातल्या अशाच रोगप्रतिकारक पेशींनाही) त्याची झळ लागते. ते बरंचसं टाळायचं तर फायर उंदीर घ्या. त्यांच्यात जनुकातच बदल असल्याने मेंदूत मायक्रोग्लिया तयारच होत नाहीत. एडिनबराच्या रोझलिन इन्स्टिट्यूटने 2022 मध्ये त्यांना लागण केली. आजार लवकर आला, पण मेंदूतला प्रायॉनचा साठा मात्र वाढला नाही! मायक्रोग्लिया नुसत्या झाडलोट करत असत्या तर कचरा साचायला हवा होता. म्हणजे त्यांचं संरक्षण आणखी कशात तरी आहे, आणि संशय अ‍ॅस्ट्रोसाइट्सना (चेतापेशींना आधार देणाऱ्या मेंदूतल्या पेशींना) आवरण्यावर आहे. मला तरी सगळ्यात रस इथेच वाटतो.

अतिरेक घातक आहे का हे पाहायचं असेल तर जीडब्ल्यू2580. अजिबात नसल्या तर काय, याला फायर. मात्र ते उंदीर जन्मापासूनच मायक्रोग्लियाविना वाढलेले असतात. आजार अर्ध्यावर असताना पेशी काढायच्या असतील तर या तिघांत पीएलएक्सच कामाचं. माँटानात लागणीनंतर बऱ्याच उशिरा औषध सुरू करूनही आजाराने वेग घेतला होता. मी असतो तर तिथूनच सुरुवात केली असती, फक्त अ‍ॅस्ट्रोसाइट्सवर नजर ठेवून.