लाईन आली की कॅमेरा थेट 1970 मध्ये!

चित्र स्वच्छ येते, डोके गोल फिरते, ॲप मराठीत नाही पण जमते. एवढे तुम्ही इतरत्र वाचलेच असेल. मला बोलायचे आहे ते त्याच्या घड्याळाबद्दल.

पोळ्याच्या सुमारास घेतला. आर्वीकडचे आमचे गाव. घरामागे टिनाचे शेड, त्यात कुटार, ढेपेची पोती, फवारणीचा पंप, मोटारीची केबल. हे दिवसभर वावरात, मामाजींना, म्हणजे सासऱ्यांना, कमी दिसते, म्हणून कॅमेऱ्याचे तोंड शेडकडे केले. रेकॉर्डिंग नेटवर ठेवायच्या क्लाऊडचे महिन्याचे पैसे भरायला मी साफ नकार दिला. 64 जीबीचे कार्ड टाकले, काही दिवसांचे राहते आणि मग जुन्यावर नवे चढते. आम्हाला पुरते.

हरभऱ्याचे पाणी झाले, तुषार संचाचे पितळी नोझल चुंगडीत भरून शेडात ठेवले. त्या रात्री लाईन गेली, थोड्या वेळाने आली. सकाळी चुंगडी गायब. ॲपच्या कॅलेंडरमध्ये लाईन जाईपर्यंतचे सगळे आहे, पुढे कोरे. कस्टमर केअरला फोन लावला तर पोरगा म्हणतो, "सर, इंटरनेट चालू ठेवा." मी बाई आहे हे त्याला शेवटपर्यंत कळले नाही, आणि लाईन गेली की गावातला फायबरचा डबाच बंद पडतो हेही.

रविवारी भाऊजी अमरावतीहून आले, त्यांनी कार्ड लॅपटॉपला लावले. आत 1 जानेवारी 1970 चे फोल्डर! या कॅमेऱ्यात घड्याळाचा सेलच नाही, वेळ तो नेटवरून घेतो. लाईन परतली, नेट आले नाही, की हा आपला शून्यापासून मोजायला लागतो, आणि त्याचे शून्य म्हणजे 1970 च्या पहिल्या तारखेची ग्रीनिचची मध्यरात्र. आपण साडेपाच तास पुढे, म्हणून किर्र अंधारातल्या चित्राच्या कोपऱ्यात पहाटेचे 5:30. रेकॉर्डिंग मात्र चोख होते: तोंडाला दुपट्टा बांधलेला माणूस, खांद्यावर आमची चुंगडी. जमादारांना दाखवले तर ते म्हणाले, "बाई, पन्नास वर्षांपूर्वीची चोरी आत्ता सांगता?" नोझल गेले ते गेलेच.

तेव्हा एक स्टार द्यायचे ठरवले होते. आता तीन देते, कारण उपाय सापडला. राउटरसाठी मिळतो तसला छोटा यूपीएस, म्हणजे लाईन गेल्यावरही वीज देणारा बॅटरीचा डबा, घेतला. त्याला 12 व्होल्टसोबत 5 व्होल्टचीही यूएसबी पिन असते, ती थेट कॅमेऱ्याला दिली. नेट गेले तर जाऊ दे, कॅमेरा बंदच पडत नाही, त्यामुळे तारीखही हलत नाही. लाईन नसताना फोनवर दिसत नाही, पण कार्डावर बरोबर तारखेने उतरते. फक्त हा यूपीएस कॅमेऱ्याच्या निम्म्या किमतीचा पडला. कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवर नाण्याएवढा सेल असतो, तसा एक यात टाकला असता तर कंपनीचे काय गेले असते? तिसऱ्या महिन्यात अडॅप्टर जळला, तो म्हणे वॉरंटीत येत नाही. तोही मीच घेतला.

पावसाळ्यात रात्री कॅमेऱ्यासमोर किडे येतात, किड्यांमागे कोळी जाळे विणतो आणि ॲप रात्रभर "माणूस दिसला" म्हणून ओरडते. फडक्याने पुसत राहावे लागते. बोलायची सोय मात्र मला फार आवडली. वावरातून फोनवर "मामाजी, गाय सुटली" म्हटले की ते उठतात, आणि आधी कॅमेऱ्याला उत्तर देतात. सायरन वानरांसाठी वाजवून पाहिला. पहिले काही दिवस पळाली, आता एक वानरी नेमकी त्याच्याखालीच बसून तुरीच्या शेंगा सोलते.

घेणार असाल तर दुकानातच राउटर बंद करायला लावा, कॅमेऱ्याची पिन काढून परत घाला, आणि कार्डावर कोणती तारीख पडते ते बघा. दुकानदार कुरकुर करेल, करू द्या. 1970 दिसले तर यूपीएसचे पैसे किमतीत धरूनच घासाघीस करा.