नारी सुवर्ण मेंढ्या कोकणात: दोन वर्षांच्या वापरानंतरचा अनुभव

गुहागर तालुक्यात, समुद्रापासून जवळच असलेल्या आमच्या कातळावरच्या जागेत दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत मी नारी सुवर्ण जातीच्या 12 मेंढ्या आणि एक नर आणला. त्याआधी माझ्याकडे 4 साध्या दख्खनी मेंढ्या होत्या आणि त्यांनी प्रत्येक वेताला एकेकच कोकरू दिले होते. तेवढ्यावर चाऱ्याचा आणि राखणीचा खर्च निघत नाही, म्हणून जुळी देणाऱ्या जातीचा शोध सुरू केला.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातील गरोल मेंढीचे बहुप्रसवाचे जनुक दख्खनी मेंढीत आणून ही जात तयार केली. त्या जनुकाला फेक-बी म्हणतात आणि 2001 पासून ते रक्ताच्या तपासणीत ओळखता येते. शुद्ध गरोल दलदलीत टिकणारी असल्यामुळे कोकणाला तीच बरी, असे मला प्रथम वाटले होते; परंतु ती फार लहान चणीची असते आणि तिची कोकरेही तशीच लहान राहतात. दख्खनी अंगाची आणि गरोलचे जनुक असलेली मेंढी हाच योग्य मेळ आहे, हे माझे मत आजही कायम आहे.

खरेदीत मात्र माझी चूक झाली. विक्रेत्याने सर्वच मेंढ्यांत हे जनुक असल्याचे सांगितले आणि मी तपासणीचा कागद न मागता पैसे दिले. पुढे रक्त तपासले तेव्हा 3 मेंढ्यांत ते नव्हते. नराच्या बाबतीत तर ही तपासणी अधिकच आवश्यक आहे, कारण त्याच्यातले जनुक बाहेरून कशातही दिसत नाही, ते त्याच्या मुलींच्या वेतात दिसते. नराकडे जनुकाच्या दोन प्रती असतील तर त्याच्या प्रत्येक मुलीला एक प्रत मिळते, एकच असेल तर सरासरीने निम्म्याच मुलींना.

पहिले वेत जुलैत आले. 11 मेंढ्या व्याल्या, एकीला तिळे आणि चौघींना जुळी झाली, म्हणजे एकूण 17 कोकरे. पण तीन महिन्यांनी दूध तोडताना हाती 11 उरली. ओल, गार वारा आणि अपुरे दूध यांनी 6 कोकरे गेली आणि त्यातली दोन तिळ्यांतली होती. त्या पावसाळ्यानंतर मी मेंढीची किंमत जन्मलेल्या कोकरांवरून न करता दूध तोडेपर्यंत जगलेल्या कोकरांवरून करू लागलो.

त्यानुसार तीन बदल केले. गोठ्यात सुपारीच्या फळ्यांचे, जमिनीपासून तीन फूट उंचीचे मचाण घातले, त्यामुळे लेंड्या आणि मूत खाली पडून अंग कोरडे राहते. नर वेगळा ठेवून मेअखेरीस मेंढ्यांत सोडला; गाभणकाळ साधारण 150 दिवसांचा असल्याने वेत ऑक्टोबरच्या अखेरीस, पाऊस सरल्यावर आले. तिसरा बदल खुराकाचा. पोटातल्या कोकराची बहुतेक वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते आणि जुळी असलेली मेंढी त्या वेळी उपाशी पडली तर स्वतःच आजारी होते, म्हणून तेव्हा भरडा आणि भुईमुगाची पेंड वाढवली. दुसऱ्या वेतात सर्व 12 मेंढ्या व्याल्या, सातजणींना जुळी झाली, आणि 19 पैकी 17 कोकरे जगली. त्यासाठी मेंढ्या बरेच महिने रिकाम्या ठेवाव्या लागल्या, तरी तो तोटा मला परवडला.

खुरांच्या सडण्याचा त्रास या जातीलाही होतो. दर पंधरा दिवसांनी दहा टक्के झिंक सल्फेटच्या पाण्यात पाय बुडवतो. सुपारीच्या बागेसाठी मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, घरात असतोच, पण मेंढ्यांना तांबे फार लवकर बाधते, त्यामुळे तो मी वापरत नाही आणि मोरचुदाचे बोर्डो मिश्रण फवारलेल्या बागेत त्यांना चरायलाही सोडत नाही. गाईंचे खनिज मिश्रणही याच कारणाने टाळतो.

जुळी झाली की पहिल्या तासाभरात दोन्ही कोकरांच्या पोटात चीक गेला आहे का, हे स्वतः पाहावे लागते. दुबळे कोकरू मागे राहते आणि धडधाकट भावंड दोन्ही सड ओढते. ज्यांना रात्री उठणे शक्य नाही, त्यांनी एकेक कोकरू देणारी मेंढीच ठेवावी, असे मी मनापासून सांगतो. जनुक असूनही दूध कमी असलेल्या दोन मेंढ्या मी या हंगामात काढणार आहे. पहिल्या वेतातल्या माद्या आता फळवण्यायोग्य झाल्या असून त्या त्यांच्याच बापाला जाऊ नयेत म्हणून नवा नर पाहतो आहे, आणि या वेळी रक्ततपासणीचा कागद आधी हातात घेईन.